तुपाचा अंक आणि काचेचा तंतू

(कात्रज परिसरातील सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज सुरुवात एका चिठ्ठीने करू. गेल्या थंडीत आमच्या गटाने कढवलेल्या तुपाचा एक डबा परत आला. डब्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं : 'बी.आर. ४५.३. मर्यादेबाहेर.' घेणाऱ्यांनी फोनवर त्याचा अर्थ सांगितला, "ताई, तुमच्या तुपात तेल आहे."

आम्ही सगळ्या गप्प. दूध कुणाच्या गोठ्यातलं, विरजण कुणी लावलं, ताक कुणी घुसळलं, कढई कुणाच्या चुलीवर होती, सगळं आम्हाला ठाऊक. तरीही त्या संध्याकाळी आम्ही एकमेकींकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, हे आज कबूल करतो. संशय शिरायला वेळ लागत नाही, निघायला लागतो.

दोन दिवसांनी त्याच डब्यातला नमुना आम्ही दुसऱ्या प्रयोगशाळेत नेला. तिथल्या बाईंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हे किती तापमानाला मोजलंय?" चिठ्ठीवर तापमान नव्हतंच. त्यांनी ४० अंश सेल्सिअसला मोजलं. आकडा आला ४२.५. तूप चोख. पहिल्या ठिकाणी चौकशी केली, तेव्हा कळलं की त्या दिवशी यंत्राला गरम पाणी नीट पोचत नव्हतं. यंत्रावरचा थर्मामीटर ३५ अंशांच्या आसपास होता. तो कुणी पाहिला नव्हता.

पाच अंशांच्या फरकाने आम्हाला भेसळवाल्या ठरवलं. म्हणून आजचं बोलणं या दोन आकड्यांबद्दल आहे. एक प्रकाशाचा, एक तापमानाचा. आणि हे दोन्ही एकाच जागी मोजणाऱ्या, केसापेक्षा थोड्याच जाड अशा काचेच्या तंतूबद्दल.

आधी 'बी.आर.' म्हणजे काय ते पाहू. ऐकता ऐकता एक प्रयोग करा. एका वाटीच्या तळाशी नाणं ठेवा. वाटीच्या कडेआड नाणं दिसेनासं होईल इतक्या मागे सरका. आता दुसऱ्या कुणाला तरी वाटीत हळूच पाणी ओतायला सांगा. नाणं वर आल्यासारखं दिसू लागेल. नाणं हललेलं नाही. त्याच्याकडून येणारा प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकला. शाळेच्या पुस्तकात यालाच प्रकाशाचं अपवर्तन म्हणतात.

प्रकाश का वाकतो? तर पाण्यात तो सावकाश चालतो. पोकळीत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाणारा प्रकाश पाण्यात सव्वादोन लाखांच्या आसपास येतो. ३ लाखांना त्या वेगाने भागलं की जो अंक मिळतो, तो अपवर्तनांक. पाण्याचा १.३३३. तुपाचा साधारण १.४५४. प्रत्येक पातळ पदार्थाचा असा आपला एक अंक असतो. पाण्यात साखर घातली की तो वाढतो. पाक करताना साखर विरघळत असते, तेव्हा पाण्यात ज्या लवलवत्या रेघा दिसतात, त्या याच बदलत्या अंकाच्या रेघा.

तूप तपासायच्या यंत्राचं नाव ब्युटिरो-रिफ्रॅक्टोमीटर. त्याचीच आद्याक्षरं बी.आर. यात काचेच्या दोन लोलकांमध्ये तुपाचे दोन-चार थेंब ठेवतात. लोलकांभोवती गरम पाणी खेळवतात. दुर्बिणीसारख्या नळीतून पाहिलं की उजेड आणि अंधार यांची सीमा एका पट्टीवर दिसते. पट्टी शून्य ते शंभर. आपल्याकडे शुद्ध तुपाचं वाचन ४० अंश तापमानाला साधारण ४० ते ४४ या घरात असावं लागतं. ज्या भागात जनावरं सरकी खातात, तिथल्या तुपाचा आकडा जरा वर जातो, म्हणून कापूसपट्ट्यासाठी वेगळी मर्यादा मानतात. शेंगदाणा तेलाचं वाचन त्याच तापमानाला ५४ ते ५७. तेव्हा तुपात असं तेल मिसळलं की आकडा वर सरकतो. घेणाऱ्यांनी '४५.३' वरून 'तेल आहे' असं म्हटलं, त्यामागे हे गणित होतं.

पण हा आकडा तापमानानेही सरकतो. तूप तापलं की फुगतं, विरळ होतं, प्रकाशाला अडथळा कमी होतो आणि अंक उतरतो. दर अंश सेल्सिअसला बी.आर. साधारण ०.५५ ने बदलतो. आता आमची चिठ्ठी घ्या. ४० ला ४२.५ असलेलं तूप ३५ ला मोजलं. पाच अंशांचे झाले २.७५. ते ४२.५ मध्ये मिळवा : ४५.२५. म्हणजे चिठ्ठीवरचे ते ४५.३. तेलाचा थेंबही न घालता थंडीने आमच्या तुपात 'तेल' घातलं.

याची उलटी बाजू जास्त वाईट आहे. समजा एखाद्याच्या तुपात खरंच तेल आहे आणि ४० अंशांना त्याचं वाचन ४६ येतं. तेच तूप ४६ अंशांपर्यंत तापवून मोजलं तर आकडा ३.३ ने उतरेल. येईल ४२.७. चिठ्ठीवर शिक्का पडेल, 'योग्य'. म्हणजे तापमान न पाहता मोजलं, तर खऱ्याला शिक्षा होते आणि खोटा सुटतो. दूध घालणाऱ्या मैत्रिणींना हे नवं वाटणार नाही. लॅक्टोमीटर मोजतो दुधाचं घनपण, पण त्याचंही तसंच. नुकतं काढलेलं कोमट दूध पातळ वाटतं आणि 'पाणी घातलंय' असा ठपका येतो. लॅक्टोमीटर कोणत्या तापमानासाठी आखला आहे, ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. वाचणारं कुणी हवं.

मग आमच्या मनात आलं, थर्मामीटर एकीकडे आणि तूप दुसरीकडे असं न ठेवता, तुपाच्या थेंबाशेजारीच दोन्ही आकडे मिळतील असं काही नाही का? आहे. आमच्या कात्रज-धनकवडीत इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलींची कमी नाही. त्यांच्यापैकी दोघी-तिघींना बसवून घेतलं, चहा पाजला आणि समजेपर्यंत प्रश्न विचारले. त्यांनी सांगितलेलं आता आमच्या शब्दांत सांगतो.

कात्रजकरांना हे समजायला सोपं आहे, कारण आपल्याकडे त्याचं मोठं चित्र आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकात, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत जमिनीखालून नळ नेला. पाणी अंधारात, बंद वाटेने चालत गेलं आणि हौदात येऊन पडलं. मध्ये ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते, तिथून आत डोकावता येई. काचेचा प्रकाशतंतू हा असाच नळ समजा, फक्त पाण्याऐवजी प्रकाशाचा.

आपल्या घरी इंटरनेट ज्या तारेतून येतं, तोच हा तंतू. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला त्याचा कारखाना आहे. अतिशय शुद्ध काच तापवून तिचा केसासारखा धागा ओढतात. काचेची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. मधोमध ८-९ मायक्रॉनचा गाभा, भोवती काचेचंच वेष्टण. गाभ्याच्या काचेत थोडं जर्मेनियम असतं, त्यामुळे तिचा अपवर्तनांक वेष्टणापेक्षा जरासा जास्त. गाभ्यातून तिरपा निघालेला प्रकाश वेष्टणाच्या सीमेवर आला की बाहेर न जाता परत आत वळतो. असा वळत वळत तो किलोमीटरच्या किलोमीटर जातो. चांगल्या तंतूत १५ किलोमीटर गेल्यावरही निम्म्याच्या आसपास प्रकाश शिल्लक राहतो. या विद्येला 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रुळवलं पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी.

आता या नळाला बाहेरची गोष्ट कशी कळणार? त्यासाठी गाभ्यात जाळी कोरतात. कोरतात म्हणजे हत्याराने नाही, प्रकाशानेच. १९७८ साली कॅनडात केनेथ हिल आणि त्यांचे सहकारी तंतूतून तीव्र लेझर प्रकाश सोडत होते. थोड्या वेळाने प्रकाश पुढे जायच्या ऐवजी मागे परतू लागला. प्रकाशाने काचेवर स्वतःची खूण उमटवली होती. गाभ्यात ठरावीक अंतराने अपवर्तनांक किंचित वाढलेला, मग कमी, मग वाढलेला. १९८९ मध्ये गेरी मेल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी बाजूने अतिनील प्रकाश टाकून हव्या त्या अंतराची जाळी उमटवून दाखवली. तिला ब्रॅग जाळी म्हणतात.

ब्रॅग जाळीच्या दोन रेघांमधलं अंतर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. एका सेंटिमीटरमध्ये १८ हजारांहून जास्त रेघा. एवढ्या रेघांमधून प्रकाश जाताना प्रत्येक रेघेवरून थोडासा परततो. एकाच नेमक्या रंगाचे हे सगळे परतलेले अंश एकमेकांत जुळतात. तेवढा रंग मागे येतो, बाकीचा सरळ पुढे जातो. अर्थात हा 'रंग' डोळ्यांना न दिसणारा, सुमारे १५५० नॅनोमीटरचा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

तंतू तापला की हा परतणारा रंग सरकतो. काच थोडी प्रसरण पावते, पण ते फारच कमी. खरं कारण म्हणजे काचेचा अपवर्तनांक तापमानाने बदलतो. आपलं तूप जे करतं, तेच काचही करते. फरक एवढाच, की तूप तापलं की त्याचा अंक उतरतो, या काचेचा चढतो, आणि तोही अगदी थोडा. एका अंशाला परतणारा रंग साधारण ०.०१ नॅनोमीटर सरकतो. एवढंसं सरकणं मोजणारी यंत्रं आहेत, म्हणून ब्रॅग जाळी उत्तम थर्मामीटर ठरते.

पण ती तुपात बुडवली तरी तुपाचा अंक सांगणार नाही. कारण प्रकाश गाभ्यातच राहतो, वेष्टणाबाहेर काय आहे याचा त्याला पत्ताच नसतो. नळातल्या पाण्याला बाहेर ऊन आहे की पाऊस, हे कसं कळावं? त्यासाठी उच्छ्वास हवा.

तो उच्छ्वास म्हणजे दुसऱ्या प्रकारची जाळी. हिच्या रेघा विरळ असतात, मायक्रॉनच्या भागात नव्हे तर शेकडो मायक्रॉनच्या अंतरावर. म्हणून हिला दीर्घ अंतराची जाळी म्हणू. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळांमधल्या आशीष वेंगसरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. त्याच वर्षी विक्रम भाटिया आणि वेंगसरकर यांनी तिच्याने तापमान, ताण आणि बाहेरच्या द्रवाचा अपवर्तनांक मोजता येतो हे दाखवलं. आपल्याकडचं आडनाव ऐकून आमचेही कान टवकारले, हे सांगायलाच हवं.

ही जाळी प्रकाश मागे पाठवत नाही. काही ठरावीक रंग गाभ्यातून काढून वेष्टणात सोडते. वेष्टणात गेलेला प्रकाश काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो आणि तिथे जे लागलेलं असेल, पाणी, साखरपाणी, तूप, त्याला चाटून जातो. बाहेरच्या पदार्थाचा अंक बदलला की गळणारा रंग बदलतो. तंतूच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं, तर कोणता रंग गायब झाला आहे ते दिसतं. त्यावरून बाहेरच्या द्रवाचा अंक काढता येतो.

मात्र ही जाळीही तापमानाने सरकते, आणि ब्रॅग जाळीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे एकटीने मोजलं तर पुन्हा आमच्या चिठ्ठीसारखाच घोळ. रंग सरकला तो तुपामुळे की उष्णतेमुळे?

सोडवणूक बाजारातल्या हिशेबासारखी आहे. समजा तुम्ही दोन किलो बटाटे आणि एक किलो कांदे आणले. बिल १०० रुपये. बटाटा काय भावाने, कांदा काय भावाने? सांगता येणार नाही. कितीही वेळा तेच बिल वाचा. पण शेजारणीने त्याच गाडीवरून एक किलो बटाटे आणि एक किलो कांदे आणले आणि तिचं बिल ६० झालं. आता सांगता येतं. तुमच्या पिशवीत एक किलो बटाटे जास्त आणि बिल ४० रुपये जास्त, म्हणजे बटाटा ४०, कांदा २०. अज्ञात दोन, तर बिलं दोन हवीत. आणि तीही वेगळ्या प्रमाणातली. शेजारणीने चार किलो बटाटे आणि दोन किलो कांदे आणले असते, तर बिल २०० झालं असतं आणि तुम्हाला नवीन काहीच कळलं नसतं.

म्हणून एकाच तंतूवर शेजारी शेजारी दोन्ही जाळ्या कोरतात. दीर्घ अंतराच्या जाळीच्या बिलात तापमान आणि तुपाचा अंक दोन्ही आहेत. ब्रॅग जाळीच्या बिलात फक्त तापमान. आधी ब्रॅग जाळीवरून तापमान काढायचं, ते दुसऱ्या बिलातून वजा करायचं, उरतो तो तुपाचा अंक. दोन्ही आकडे एकाच थेंबाजवळचे, एकाच क्षणाचे. थर्मामीटर पाहायला विसरणं हा प्रकारच उरत नाही.

या तंतूच्या टोकाशी वीज नाही, म्हणून ठिणगीची भीती नाही आणि मोठ्या मोटारी शेजारी चालू असल्या तरी वाचनात खरखर नाही. एका तंतूवर वेगवेगळ्या रंगांच्या अनेक ब्रॅग जाळ्या माळेसारख्या ओवता येतात. म्हणूनच हाँगकाँगच्या त्सिंग मा पुलासारख्या मोठ्या बांधकामांवर त्या बसवून पाहिल्या गेल्या आहेत.

आता उणी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही उद्याच दूध केंद्रावर जाऊन 'तंतू कुठे आहे' विचाराल. तंतू स्वस्त आहे, पण सरकलेला रंग वाचणारं यंत्र महाग. दीर्घ अंतराची जाळी जरा वाकली किंवा ताणली तरी तिचा रंग बदलतो, म्हणजे पिशवीत न सांगता तिसरी भाजी येते. तंतू सरळ आणि न ओढता धरून ठेवावा लागतो. तुपासारखा पदार्थ काचेला चिकटून राहतो, म्हणून दर वेळी तंतू धुऊन घ्यायचा. शिवाय बाहेरच्या द्रवाचा अंक काचेच्या अंकाच्या जवळ आला, की ही जाळी फार तिखट होते. तो अंक काचेपेक्षा वर गेला, की वेष्टण प्रकाश धरून ठेवू शकत नाही आणि खूण पुसट होते. आपलं तूप नेमकं त्या सीमेच्या आसपास वावरतं. कोणता रंग वापरायचा, काचेवर कसला लेप द्यायचा, यावर म्हणूनच विचार करावा लागतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. अपवर्तनांक कितीही अचूक मोजला, तरी तो एकच आकडा आहे. ४० अंशांना खोबरेल तेलाचं बी.आर. ३४-३५ च्या आसपास, म्हणजे तुपाच्या खाली. शेंगदाणा तेलाचं वर. कुणी लबाडाने दोन्ही मोजून मिसळली, तर बेरीज तुपासारखी आणता येते. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत बी.आर. वर थांबत नाहीत, तुपातली आम्लं तपासण्याच्या आणखी चाचण्या करतात. नीरक्षीरविवेक एका आकड्याने होत नाही. अंक चुकीच्या तापमानाला घेतलेला असेल, तर तो विवेकाची सुरुवातसुद्धा नव्हे.

आमच्या गटाने त्या चिठ्ठीनंतर तीन गोष्टी ठरवल्या. तुम्हालाही उपयोगी पडतील. पहिली, तुपाचा किंवा दुधाचा नमुना देताना आपण तारीख-वेळ लिहितो, तसा अहवाल घेताना 'किती तापमानाला?' हा प्रश्न विचारायचाच. आकड्याशेजारी तापमान नसेल तर ते लिहून मागायचं. दुसरी, आकडा मर्यादेबाहेर आला तर लगेच मान खाली घालायची नाही आणि लगेच भांडायचंही नाही. त्याच डब्यातला नमुना बंद करून ठेवायचा आणि पुन्हा तपासून घ्यायचा. तिसरी, कधी शंका आली तर एकमेकींकडे पाहण्याआधी थर्मामीटरकडे पाहायचं.

ती चिठ्ठी आम्ही फाडलेली नाही. हिशेबाच्या वहीत जपून ठेवली आहे. तिच्यावर आम्ही आमच्या हाताने लिहिलंय, 'तापमान ३५ अंश.' एवढं लिहिल्यावर ती चिठ्ठी खरं बोलू लागली. ४५.३ हा आकडा खोटा कधीच नव्हता, अर्धा होता.

पुढच्या वेळी भेटू तोवर वाटीतल्या नाण्याचा प्रयोग मुलांना करून दाखवा. आणि नाणं वर कसं आलं, ते त्यांना तुम्ही सांगा.